परतीचं तिकीट आधी काढा

डिचोलीहून एका आईने विचारलंय. मुलगी 11 वर्षांची. चार वर्षं गाणं शिकतेय, गांधर्व महाविद्यालयाची 'प्रवेशिका प्रथम' ही परीक्षा झालीय. बालगायकांच्या एका टीव्ही स्पर्धेची निवडफेरी पणजीत झाली, त्यात ती निवडली गेली आणि आता पुढच्या फेरीसाठी मुंबईचं बोलावणं आलंय. वडील आणि आजोबा हरखलेत, शाळेच्या फळ्यावर नाव लागलंय. गाण्याच्या बाई मात्र म्हणतात, "इतक्यात नको." आईचा प्रश्न असा: "पाठवणं योग्य होईल का? की आमचीच हौस आम्ही तिच्या गळ्यात बांधतोय?"

ताई, हा प्रश्न तुम्हाला पडला याचंच मला बरं वाटलं. मी फोंड्यात 30 वर्षं मुलांना गाणं शिकवते. मध्ये दोन पर्वं अशाच एका कार्यक्रमासाठी मुंबईत राहून मुलांची गाणी बसवून घ्यायचं काम केलं. निवड झाल्यावर पेढे वाटणारी घरं मी पाहिलीत, आणि रात्री साडेअकराला मेकअपच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली मुलंही पाहिलीत.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. मुलीला स्वतःला जायचं असेल तर पाठवा. पण ज्या दिवशी ती "पुरे" म्हणेल, त्या दिवशी तिला घरी आणता येईल आणि तिच्याकडे कोणी जाब मागणार नाही, एवढी घराची तयारी असेल तरच. बहुतेक घरांत ही तयारी नसते. आईबाप वाईट असतात म्हणून नव्हे. मुलाने एकदा हो म्हटलं की त्या होकारात आजोबा गुंततात, शाळा गुंतते, वाड्यावरचे शेजारी गुंततात, आणि मग नाही म्हणायला त्या पोराला जागाच राहत नाही.

लहान वयात लोकांसमोर गाण्याला माझा मुळीच विरोध नाही. गोव्यात आपण चवथीच्या आरत्यांत, देवळाच्या मंडपात, भजनाच्या फेरीत गातच मोठे होतो. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर पोरवयातच नाटक कंपनीत गेले आणि 1918 साली, जेमतेम अठराव्या वर्षी, बळवंत संगीत मंडळीच्या उभारणीत होते. 1942 साली ते गेले तेव्हा लताबाईंना तेरावं चालू होतं, आणि घर चालवायला त्यांना कामाला उभं राहावं लागलं. पोरवयातलं गाणं आणि पोरवयातली कमाई, दोन्ही आपल्या मातीला नवीन नाही. पण त्या घरात गरज होती. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या घरात तशी गरज दिसत नाही. मग घाई कशाची आहे, हे नवराबायकोंनी एकदा शांतपणे बसून बोलावं.

"आता नाही गेली तर संधी गेली" असं तुम्हाला दहा जण सांगतील. केरीच्या केसरबाई केरकर 1921 साली अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकू लागल्या तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. खाँसाहेब 1946 साली गेले, तोवर ती तालीम चालली. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अवकाशात पाठवली, तिच्यात भारतीय संगीत म्हणून एकट्या केसरबाईंची भैरवी आहे. अकराव्या वर्षाची एक फेरी चुकली म्हणून गाणं हातचं जात नाही. फार तर एका पर्वातली प्रसिद्धी हुकते.

लोक उलट उदाहरण 2008 साली सुरू झालेल्या मराठी 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'च्या पर्वाचं देतात. कार्तिकी गायकवाड जिंकली. आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत यांचीही नावं घरोघरी झाली आणि 2021 च्या पर्वात हे पाचही जण परीक्षकांच्या जागी बसले. उदाहरण खरं आहे आणि मला ती सगळी मुलं आवडतात. पण त्या पर्वाच्या निवडफेऱ्यांना रांगेत उभं राहिलेल्या, पहिल्या काही भागांत बाद झालेल्या किती मुलांची नावं आपल्याला येतात? निर्णय घेताना डोळ्यासमोर ती मुलं ठेवा, कारण शक्यता त्यांच्या बाजूची जास्त आहे.

आपल्याकडच्या स्पर्धांची सवय असलेल्या आईबापांना टीव्हीचं वेगळेपण पटकन लक्षात येत नाही. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत पथक हरतं. पेटीवाला, पखवाजवाला, झांजा वाजवणारी पोरं सगळी एकाच टेम्पोतून परत येतात, वाटेत कुठेतरी भजी-पाव खातात, आणि दुसऱ्या दिवशी हरणं अर्धं विसरलेलं असतं. टीव्हीवर मूल एकटं हरतं. ते हरणं दाखवण्यासारखं असतं म्हणून दाखवलं जातं, आणि ते यूट्यूबवर कायमचं राहतं.

मी एक प्रसंग सांगते. मी काम केलं त्यातल्या दुसऱ्या पर्वातला. 9 वर्षांचा एक मुलगा बाद झाला. निकाल ऐकला आणि तो धावत आईकडे गेला, तिच्या कमरेला मिठी मारून रडला. तेवढ्यात आवाज आला की आईचा चेहरा कॅमेऱ्यात नीट आलेला नाही, परत एकदा घेऊ. त्याला उचलून मंचाच्या मध्यावर नेऊन उभं केलं, डोळे टिपले, गालांवर पावडर फिरवली आणि पुन्हा धावायला सांगितलं. या खेपेला त्याला रडू येईना. तो गोंधळून सगळ्यांकडे बघत उभा राहिला. मग एक माणूस त्याच्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "बाळा, आता तू इथे परत कधीच येणार नाहीस ना." लगेच रडू आलं. मी तिथून आठ-दहा हातांवर कोमट पाण्याचा थर्मास घेऊन उभी होते. मी तोंडातून शब्द काढला नाही. त्याची आईसुद्धा काही बोलली नाही, आणि तिला मी दोष देत नाही, कारण तिथे त्या क्षणी बोलण्याचं काम माझं होतं. ते पर्व संपल्यावर मी परत गेले नाही. पण तो मुलगा आज विशीत असेल आणि ती फीत कुठेतरी आहे, हे माझ्या मनातून जात नाही.

यात कोणी राक्षस नव्हतं हेही सांगते. तो वाकलेला माणूस एरवी मुलांना चॉकलेटं आणून द्यायचा. पण त्याला वेळेत भाग पूर्ण करायचा होता. तिथल्या प्रत्येकाला काहीतरी पूर्ण करायचं असतं. फक्त मुलाचं पूर्ण मन राखणं हे कोणाचंच नेमून दिलेलं काम नसतं. म्हणून ते काम तुमचं आहे. तुम्ही तिथे असलात तरच ते होईल, आणि तुम्ही दबलात तर होणार नाही.

दुसरी गोष्ट कहाणीची. गाणं ऐकण्याआधी किंवा ऐकल्यावर लगेच तुम्हाला विचारतील: घरी काही अडचण आहे का? कोणी आजारी आहे का? कोणाचं अपुरं राहिलेलं स्वप्न? हे प्रश्न सहज विचारल्यासारखे असतात, पण उत्तरं लिहून घेतली जातात. आमच्या पर्वात आपल्या गोव्याचीच एक मुलगी होती. वडील वारलेले. पहिल्या भागात ती त्यांच्याबद्दल बोलली, प्रेक्षकांनी डोळे पुसले. तिसऱ्या भागात परत बोलली. पाचव्या भागाच्या दिवशी ती माझ्याजवळ आली. सेटवर तिच्याशी कोकणीत बोलणारी मी एकटीच होते. तिने विचारलं, "टीचर, आयज पप्पाविशीं उलोवपाचें आसा?" आजही पप्पांबद्दल बोलावं लागणार की नुसतं गायचंय, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. जशी आज कुठला ड्रेस घालायचा ते विचारावं तसं तिने ते विचारलं, आणि त्या सहजपणाने माझ्या पोटात खड्डा पडला. मुलाचं दुःख त्याचं स्वतःचं असतं. ते वाहिनीला देऊन टाकायचा अधिकार आईबापालाही नाही, कारण अठराव्या वर्षी ती फीत कशी वाटेल हे अकराव्या वर्षी कळण्याचं काही साधन नसतं. तुमच्या घरात अशी काही जखम असेल तर आधीच ठरवा की ती सांगायची नाही. विचारलं तर सांगा, "आम्हाला त्यावर बोलायचं नाही." त्यामुळे निवड हुकली, तर ती निवड गाण्याची नव्हतीच.

आता गळा. इथे मी थोडी जास्त बोलेन, कारण माझा जन्म यात गेला. मुलग्यांचा आवाज साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास फुटतो. स्वरतंतू लांब होतात, जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचा बदल लहान असतो म्हणून लोकांना वाटतं तो होतच नाही. होतो. आवाजात हवा मिसळते, कालपर्यंत सहज लागणारा तार सप्तकातला सूर आज फाटतो, एखादा महिना सूर हलतो. तुमची मुलगी त्या दारातच उभी आहे. अशा वेळी वर्गात आम्ही पट्टी अर्ध्या-एका सुराने उतरवतो, खर्जाचा रियाज हलका ठेवतो, आवाजाला वेळ देतो. टीव्हीवर भाग पुढच्या आठवड्यात असतो आणि आवाजाला कोणी वेळ देत नाही. गाणं मूळ पट्टीतच हवं, उतरवलं तर चमक जाते, असं सांगतात. मग काळी पाचसारख्या उंच पट्टीत मूल मान वर करून, नसा फुगवून तो सूर गाठतं आणि लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळीने मुलाला कळतं की ओरडलं की आवडतं. ही सवय काढायला मला पुढे दोन-दोन वर्षं लागलीत.

त्यात दिवसभराचं बसणं, गार एसी, आणि गाण्याची पाळी रात्री. आमच्याकडे एका दिवसात दोन भाग चित्रित व्हायचे. सकाळी आठला केस विंचरायला बसलेली मुलं रात्री दहा-अकराला गायची. सतत ताण पडला की स्वरतंतूंवर गाठी येतात, हाताला घट्टे पडतात तशा. सकाळी आवाज बसलेला असणं आणि घोगरेपणा दोन-तीन आठवडे न हटणं, ही खूण. असं झालं तर काढा-हळद करत बसू नका, सरळ घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, कान-नाक-घशाचा विभाग आहे. बहुतेक मुलांच्या गाठी विश्रांतीने आणि आवाज वापरायची पद्धत सुधारून बऱ्या होतात, पण विश्रांती म्हणजे त्या आठवड्याचा भाग सोडणं. हे आधीच मनाशी पक्कं असलं पाहिजे.

गाण्याची निवडही बघा. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला शृंगाराची लावणी देतात आणि "डोळ्यांत आण" म्हणतात. काय आणायचं हे तिला माहीत नसतं, ते माहीत नसणंच तिचं वय आहे. मग ती मोठ्यांची नक्कल करते. जून 2019 मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना काढली होती की नाचाच्या कार्यक्रमांत मुलांकडून मोठ्यांसाठीच्या, वयाला न शोभणाऱ्या हालचाली करून घेऊ नयेत. गाण्यालाही मी तोच नियम लावते. नको असलेल्या गाण्याला नाही म्हणता येतं. मी तिथे असताना दोन आयांनी तसं ठाम सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा गाणं बदललं गेलं.

कायद्याने तुम्हाला काय दिलंय ते माहीत करून घ्या. 2016 साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आली, पण दृकश्राव्य मनोरंजनात कलाकार म्हणून काम करायला अटींवर मुभा राहिली. त्या अटी 2017 च्या नियमांत आहेत. दिवसाला 5 तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांहून जास्त नाही, सलग 27 दिवसांहून जास्त नाही. निर्मात्याने चित्रीकरण होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आईबापांची संमती घ्यायची, शिक्षणात खंड पडू द्यायचा नाही. दर पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या मिळकतीतला निदान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायचा, जो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. आणि मला सगळ्यांत मोलाची वाटते ती अट: मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कशातही भाग घ्यायला लावायचा नाही. मी काम केलं ते या नियमांच्या आधी. आज तुम्ही गेलात तर पहिल्याच भेटीत विचारा, परवानगीचा कागद कुठे आहे आणि आमच्या मुलीसाठी नेमलेली व्यक्ती कोण. प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघा, तुम्हाला बरंच कळेल.

कराराचा कागद रात्रीत वाचून सही करायचा नसतो. ओळखीच्या वकिलाला दाखवा. किती महिने किंवा वर्षं मुलीने दुसरीकडे गायचं नाही, मध्येच सोडलं तर काही भरावं लागतं का, तिचा चेहरा आणि आवाज जाहिरातीत वापरता येतो का, एवढ्या तीन ठिकाणी बोट ठेवून विचारा. आणि निवडीसाठी कोणी पैसे मागितले तर तो ठग समजून फोन ठेवा.

एवढं वाचून वाटेल की तिथे नुसताच त्रास आहे. तसं नाही. उत्तम वादकांबरोबर गायचा अनुभव, माइकमधून स्वतःचा आवाज ऐकायची सवय, दुसऱ्या गावच्या गाणाऱ्या मुलांची मैत्री, हे सगळं सोनं आहे. त्या मुलांनी रात्री हॉटेलच्या खोलीत एकमेकांना शिकवलेली गाणी मी ऐकलीत आणि तेवढं निर्मळ गाणं मंचावर कधी ऐकलं नाही.

पण जी गोष्ट मला तुमच्या बाबतीत सर्वांत जास्त काळजीची वाटते, ती मुंबईत नाही, इथे आहे. आपला गोवा लहान. मुंबईच्या मुलाला इमारतीतले लोक ओळखतात, आपल्या मुलीला तालुका ओळखतो. माझी एक विद्यार्थिनी अशीच निवडली गेली. गावच्या तिठ्यावर तिचा मोठा फलक लागला, "आपल्या कन्येला भरघोस मतं द्या", बाजूला पंच-सरपंचांचे फोटो. जत्रेत कोणी तिला नुसतं जाऊ देईना. शेजारच्या आजीने पेन्शनमधून फोनचा रिचार्ज मारला, मतं द्यायला. चौथ्या आठवड्यात ती बाद झाली. फलक कोणी काढला नाही, कारण काढायचं कोणी हे ठरलेलंच नव्हतं. शाळेची बस रोज त्या तिठ्यावरून जायची. तिच्या आईने मला नंतर सांगितलं की ती बसमध्ये नेहमीची जागा सोडून पलीकडच्या खिडकीला बसू लागली. पावसाने रंग उडेपर्यंत तो फलक तिथेच होता. त्या मुलीला परीक्षकांनी वाईट काही सांगितलं नव्हतं, उलट कौतुकच केलं होतं. तिला लाज वाटली ती आजीच्या रिचार्जची. तिने हे मला वर्षभराने सांगितलं, तोपर्यंत ती गायची थांबली होती.

म्हणून माझी कळकळीची विनंती: फलक लावू देऊ नका. पंचायतीत जाऊन स्वतः सांगा. आजोबांना सांगा की मतांसाठी कोणाला फोन करायचे नाहीत. शाळेला सांगा की फळ्यावर नाव लिहिलंत, तेवढं पुरे. लोकांना थोडं विचित्र वाटेल, काही जण दुखावतील. तुम्ही ते सोसा, म्हणजे मुलीला सोसावं लागणार नाही.

गाण्याच्या बाईंना विचारा की "इतक्यात" म्हणजे कधी. त्या आवाजाच्या वयाबद्दल बोलत असतील तर त्यांचं ऐका, त्यांनी तो गळा चार वर्षं रोज ऐकलाय. विद्यार्थिनी हातची जाईल अशी धास्ती बोलण्यात जाणवली, तर तेही समजून घ्या. आम्हा शिकवणाऱ्यांना ती धास्ती असते आणि ती मुलीच्या वाटेत येऊ नये.

मग मुलीला विचारा. बाबा आणि आजोबा समोर नसताना, झोपायच्या वेळी, दिवा मालवून. "तुला जायचंय का" असं विचारू नका, त्याला हो हेच उत्तर येतं. विचारा, "तिथे पहिल्याच दिवशी बाद झालीस तर घरी आल्यावर तुला पहिल्यांदा काय करायचंय?" ती लगेच काहीतरी सांगू लागली, मैत्रिणीकडे जायचंय, आंबोळ्या खायच्यात, तर ती जाऊ शकते. ती गप्प झाली, किंवा "बाबांना काय वाटेल" म्हणाली, तर बाईंचंच खरं समजा.

जायचं ठरलं, तर थिवीहून कोकणकन्या गाडीची जाण्याची तिकिटं काढाल तेव्हाच परतीचीही काढा. फेरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची. पुढे निवड झाली तर रद्द करता येतील, थोडे पैसे जातील, जाऊ देत. परतीच्या तिकिटाचा कागद तिच्या दप्तरात ठेवा, तुमच्या पर्समध्ये नको. आणि निघण्याआधी गाण्याच्या बाईंच्या घरी तुम्ही तिला घेऊन जा, फोनवर कळवू नका. परत आल्यावर तिला त्यांच्याच समोर तानपुऱ्याशी बसायचंय.